कात्रज ते सिंहगड दिवसाउजेडी : धारेवरच्या तेरा टेकड्या मित्रांसोबत कशा कराव्यात

पुण्यात ट्रेकिंग करणाऱ्या कुणालाही केटूएस म्हटलं की कळतं, कात्रजच्या जुन्या बोगद्यावरून निघायचं आणि डोंगराच्या धारेवरून टेकडीमागून टेकडी चढत उतरत सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागायचं, साधारण १५-१६ किलोमीटर. टेकड्या किती यावर दर वेळी वाद होतो, बहुतेक लोक १३ सांगतात, मधले छोटे उंचवटे धरणारे १६ पर्यंत जातात. बरेच ग्रुप हा ट्रेक पौर्णिमेच्या आसपास रात्री करतात. माझं मत मात्र पक्कं आहे, पहिल्यांदा करणार असाल तर दिवसा करा, आणि दुसऱ्यांदा करणार असाल तरी एकदा दिवसा करून बघा.

कारण सोपं आहे. या ट्रेकमध्ये दमवतात ते चढ, पण पाडतात ते उतार. प्रत्येक टेकडीच्या पलीकडच्या अंगाला सुट्या मुरमाचा घसारा आहे, त्यावर पाय कुठं टाकायचा ते डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं, टॉर्चच्या उजेडात सगळा मुरूम सारखाच दिसतो. शिवाय दिवसा उजवीकडे खडकवासल्याचं पाणी, समोर सिंहगड, डावीकडे लांब राजगड-तोरणा आणि मागं पुरंदर-वज्रगड असा सगळा मुलूख डोळ्यांसमोर असतो, रात्री फक्त शहराचे दिवे बघायचे. एवढी तंगडतोड करायची तर बघायला पण मिळालं पाहिजे ना.

आधी ही धार नीट समजून घ्या

सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे जे फाटे फुटतात त्यातला हा एक, सिंहगडापासून कात्रज, दिवे घाट करत पार भुलेश्वरापर्यंत जाणारा. आपण त्याच्या माथ्यावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे चालतो. त्यामुळं दिवसभर उजवा हात म्हणजे उत्तर, म्हणजे पुणे शहर, आणि डावा हात म्हणजे दक्षिण, म्हणजे सातारा हायवे आणि खेड शिवापूरचं खोरं. उजवीकडं पडलेला पाऊस मुठेला जातो, डावीकडचा शिवगंगेतून नीरेला, आणि शेवटी दोन्ही भीमेलाच मिळतात. हे मी भूगोल शिकवायला सांगत नाहीये, हाच तुमचा होकायंत्र आहे. वाट चुकल्यासारखं वाटलं की थांबायचं आणि बघायचं, शहर उजवीकडं आणि हायवे डावीकडं असं दोन्ही बाजूचं दिसतंय का. एकाच बाजूचं दिसत असेल तर तुम्ही धार सोडून कुशीत उतरलाय, परत वर चढा.

हे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झालेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यातला कठीण थर म्हणजे आपला काळा कातळ, आणि दोन कठीण थरांच्या मध्ये भुसभुशीत थर, तो झिजून मुरूम होतो. म्हणून प्रत्येक टेकडीवर तीच रचना परत परत भेटते, गवताळ माथा, मग कातळाची एखादी पायरी, मग मुरमाचा उतार, मग खिंड. पहिल्या दोन टेकड्यांवर हे लक्ष देऊन बघितलंत की पुढच्या टेकडीचा उतार कसा असणार याचा अंदाज आपोआप यायला लागतो.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, त्यातही डिसेंबर-जानेवारी सगळ्यात चांगला. गवत वाळलेलं असतं, हवा स्वच्छ, आणि दुपारी ऊन असलं तरी सोसतं. मार्चनंतर दिवसा जाऊ नका, अख्ख्या धारेवर सावली जवळजवळ नाहीच, आणि वाळल्या गवताला वणवा लागायचा धोका पण तेव्हाच जास्त असतो. पावसाळ्यात सगळं हिरवंगार दिसतं, मोह होतो, पण ढग उतरले की दहा पावलांवरचं दिसत नाही आणि मुरमावर चिकण माती बसली की बुटाला पकडच राहत नाही. पावसाळ्यात सिंहगड पायवाटेनं करा, धारेचा नाद नको.

कुणाला घ्यायचं, आणि तयारी

चार ते सात जण. तीन असतील तर एक जखमी झाल्यावर एक त्याच्याजवळ आणि एक मदतीला असं कसंबसं जमतं, दोघंच असाल तर ते पण नाही. आठच्या पुढं गेलात की प्रत्येक टेकडीवर मागच्यांची वाट बघण्यात तास जातात.

मित्राला घेताना तो रोज किती पळतो हे विचारू नका, उतारावर त्याचे गुडघे काय म्हणतात ते विचारा. मैदानावर दहा किलोमीटर आरामात पळणारी पोरं सातव्या टेकडीच्या उतारावर लंगडताना दिसतात, कारण उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जो ताण येतो त्याची सवय सपाटीवर होत नाही. त्यासाठी पुण्यात सोपा उपाय आहे, आतकरवाडीतून पायवाटेनं सिंहगड चढायचा उतरायचा. तीन-चार रविवार करा, आणि शेवटच्या रविवारी लागोपाठ दोनदा. दुसऱ्यांदा उतरताना पाय लटपटत नसतील तर माणूस तयार आहे. जमत नसेल तर वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, जे जवळ असेल ते, पण उताराची सवय झालीच पाहिजे.

नवीन बूट घालून येऊ नका, हे सांगूनही कुणीतरी येतंच. सोल खोल खाचांचा आणि पुढून एक बोट जागा राहील इतका मोठा पाहिजे, कारण उतरताना बोटं पुढं जाऊन आपटतात आणि दुसऱ्या दिवशी नखं काळी पडतात. महागडे बूट लागतात असं अजिबात नाही, ॲक्शनच्या साध्या ट्रेकिंग शूजवर निम्मा महाराष्ट्र सह्याद्री फिरला. फुल पँट घाला, वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यात घुसली की चालणं मुश्किल होतं, जाळीदार रनिंग शूजमध्ये तर ती थेट आरपार जातात. जमलं तर एक जाडसर जुना हातमोज्यांचा जोड ठेवा, मुरमावर हात टेकताना सोलवटत नाहीत.

पाणी आणि खाणं

वाटेत पाणी नाही. परत सांगतो, बोगद्यापासून घाटरस्त्यापर्यंत भरवशाचं पाणी कुठंच नाही. माणशी चार लिटर धरा, आणि ते सगळं एका मोठ्या कॅनमध्ये नको, एक-एक लिटरच्या बाटल्या घ्या म्हणजे किती उरलंय ते कळतं. हिशोब असा ठेवा की निम्मी वाट होईपर्यंत दोन लिटरच्या वर संपता कामा नये, कारण पुढची निम्मी वाट उन्हातली असते.

एका बाटलीत इलेक्ट्रॉल किंवा घरचं लिंबू-मीठ-साखर. घामातून मीठ जातं आणि नुसतं पाणी पीत राहिलं तर पोटऱ्यांना गोळे येतात, ते बरोबर चढाच्या मध्यावर. खायला थेपले, दशम्या, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर, संत्री, काकडी. वेफर्स आणि फरसाण कमी न्या, खाल्ल्यावर तहान वाढते आणि पाण्याचा हिशोब बिघडतो. जेवायला म्हणून एकदा मोठा ब्रेक घेऊ नका, दर तासाला दोन घास. भरल्या पोटी पुढचा चढ चढणं ही शिक्षा आहे. संत्र्याच्या साली, चिक्कीचे कागद सगळं परत बॅगेत, सालं कुजतात म्हणून फेकायची नसतात, अशा कोरड्या माथ्यावर ती महिनोन्महिने तशीच पडून राहतात.

बाकी बॅगेत प्रत्येकाकडं हेडटॉर्च (दिवसाचा ट्रेक असला तरी), शिट्टी, टोपी, क्रेप बँडेज, थोडा कापूस आणि चिकटपट्टी. ग्रुपमध्ये मिळून एक दहा-पंधरा मीटरचा दोर असला तर बरा, चढाईसाठी नाही, एखादा उतारावर घाबरून थिजला तर त्याला धरायला काहीतरी असावं म्हणून. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा आणि वाटेचा जीपीएस ट्रॅक आधीच उतरवून ठेवा, डोंगराच्या काही अंगांना नेटवर्क जातं.

निघायचं : पहाटे साडेपाच

स्वारगेटहून कात्रज आणि तिथून जुन्या घाटानं बोगद्यापर्यंत. एवढ्या पहाटे बसच्या भरवशावर राहू नका, रिक्षा किंवा कॅब करा आणि गाडी स्वतःची असेल तर ती तिथं लावू नका, कारण संध्याकाळी तुम्ही भलत्याच टोकाला असणार. बोगद्याच्या वर वाघजाईचं मंदिर आहे, तिथून धारेला लागायचं. याच घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शाहिस्तेखानाच्या फौजेला चकवलं आणि महाराजांची माणसं तिकडं सिंहगडाकडं निघून गेली अशी १६६३ ची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय, आणि आपण पण त्याच बाजूला निघालोय हे मंदिरापाशी उभं राहिल्यावर भारी वाटतं.

निघण्याआधी तीन गोष्टी मंदिरापाशीच करा. एक, घरच्या एकाला मेसेज, किती जण आहोत, किती वाजता घाटरस्त्याला पोचणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. दोन, लीड कोण आणि शेवटचा कोण ते ठरवा. शेवटचा माणूस ग्रुपमधला सगळ्यात अनुभवी असावा, पुढचा नाही, कारण अडचण मागंच येते. आणि ज्याचा वेग सगळ्यात कमी त्याला लीडच्या लगेच मागं ठेवा. तो मागं राहिला तर होतं काय, पुढचे थांबून आराम करतात, हा पोचला की लगेच उठतात, म्हणजे ज्याला आराम सगळ्यात जास्त लागतो त्यालाच तो मिळत नाही. तीन, पहिल्या टेकडीवर कुणी पळणार नाही असं सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळं पहिली टेकडी टॉर्चच्या उजेडात होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या टेकडीवर उजाडतं. सूर्य पाठीमागून येतो, म्हणजे सकाळभर डोळ्यांवर ऊन नाही, पश्चिमेकडं चालायचा हा मोठा फायदा. उजाडलं की समोर बघा, सिंहगडावरचा टीव्ही टॉवर दिसेल. तो दिवसभर दिसत राहणार, आणि बराच वेळ जवळ आल्यासारखा वाटणारच नाही. नवीन लोकांना आधीच सांगून ठेवा की टॉवरकडं बघून अंतर मोजायचं नाही, फक्त पुढची खिंड बघायची.

चढ

चढाला फार अक्कल लागत नाही, दम लागतो. पावलं लहान, बोलता येईल इतकाच वेग. वाट तीव्र झाली की सरळ न जाता नागमोडी जा. जिथं कातळाची पायरी येते तिथं हात वापरावे लागतात, तेव्हा दोन हात आणि दोन पाय या चारातले तीन कायम टेकलेले पाहिजेत, एका वेळी एकच हलवायचा. धरायच्या आधी दगड हलवून बघा. गवताचं झुपकं धरून वजन टाकायचं नाही, वाळलेलं गवत मुळासकट हातात येतं. आणि खोबणीत न बघता हात घालू नका, सह्याद्रीत फुरसं आणि विंचू अशाच जागी बसलेले असतात.

उतार, म्हणजे खरा ट्रेक

यावर जरा जास्त लिहितोय कारण बहुतेक लोक इथंच पडतात.

घसाऱ्यावर भीती वाटली की माणूस आपोआप मागं रेलतो. मागं रेललं की वजन टाचेच्याही मागं जातं, पाय पुढं सटकतो आणि बूड आपटतं. त्यामुळं गुडघे वाकवून, कंबर थोडी खाली घेऊन, छाती किंचित पुढं, वजन बरोबर पायांवर. पाऊल लहान. टाच आधी मुरमात रोवायची, ती बसली असं जाणवलं की मगच दुसरा पाय उचलायचा. उतार फारच तीव्र असेल तर तोंड बाजूला करून आडवं उतरा, बुटाची कड रोवत रोवत, थोड्या वेळानं बाजू बदला म्हणजे एकाच गुडघ्यावर भार येत नाही. पाय दोन-चार इंच सरकणारच, त्याला घाबरायचं नाही, सरकला की तिथंच थांबू द्यायचा, घाईघाईत दुसरं पाऊल टाकलं की तोल जातो.

बारीक खडी कडक जमिनीवर पसरलेली असते ती जागा सगळ्यात वाईट, ती पायाखाली छर्ऱ्यांसारखी फिरते. जाड, खोल मुरूम त्यापेक्षा चांगला, त्यात टाच रुतते. वाटेच्या मधोमध हजारो पायांनी घासून गुळगुळीत झालेलं असतं, त्यापेक्षा कडेचा गवत आणि दगड मिसळलेला भाग बघा. काठी असेल तर ती पुढं रोवा आणि थोडी लांब ठेवा, मनगटात पट्टा अडकवू नका, पडलात तर हात मोकळा पाहिजे.

बसून घसरत उतरणं वाईट नाही, पण ते ठरवून करा, पाय पुढं, टाचा रोवलेल्या, हात बाजूला. पळत उतरणाऱ्याला मात्र पहिल्याच वेळी थांबवा. तो स्वतः पडतोच आणि दगड खालच्यांवर सोडतो. एका उतारावर सगळे एका रेषेत नकोत, तिरके उतरा किंवा एक जण सुरक्षित जागी पोचला की दुसरा. दगड सुटला की "दगड!" असं जोरात ओरडायचं, आणि ऐकणाऱ्यानं वर तोंड करून बघायचं नाही, डोकं खाली घालून डोंगराला चिकटायचं.

एखादा मित्र मध्येच थिजला, पाय पुढं टाकायलाच तयार नाही, असं होतं. त्याला वरून सूचनांचा भडिमार करू नका. एकानंच बोलायचं. एक जण त्याच्या खाली जाऊन उभा राहतो आणि त्याचं पाऊल हातानं धरून जागेवर टेकवतो, असं चार-पाच पावलं केलं की बहुतेक वेळा तो मोकळा होतो.

आडव्या वाटांचा मोह

पाच-सहा टेकड्या झाल्या की पाय बोलायला लागतात आणि तेव्हाच टेकडीच्या कुशीतून आडव्या जाणाऱ्या पायवाटा दिसायला लागतात, वाटतं वर कशाला चढायचं, इकडून वळसा घालू. त्यातल्या बऱ्याचशा गुरांच्या वाटा आहेत. त्या छान सुरू होतात, मग बारीक होत जातात आणि एखाद्या घळीच्या तोंडाशी नाहीतर उंच गवतात विरून जातात, आणि तिथून परत वर चढायला टेकडीपेक्षा दुप्पट कष्ट. चांगली मळलेली वाट समोरच्या खिंडीपर्यंत डोळ्यांनी दिसत असेल तरच वळसा घ्या. नाहीतर धार सोडायची नाही.

दहा वाजता एकदा नीट बसा

साधारण निम्मं अंतर झालेलं असतं. नसेल झालं तर मागच्या टेकड्यांवर कुठं वेळ गेला ते बघा. इथं प्रत्येकानं खरं बोलायचं, किती पाणी उरलंय, कुणाला फोड आलाय, कुणाचा गुडघा दुखतोय. फोड यायच्या आधी नुसती आग व्हायला लागते तेव्हाच मोजा काढून चिकटपट्टी लावा, नंतर काही उपयोग नाही. कुणाला चक्कर, मळमळ, घाम येणं बंद, असं काही दिसलं तर सावली शोधा, नसेल तर चादर किंवा जॅकेट धरून करा, पाणी डोक्यावर-मानेवर टाका आणि त्याचा ट्रेक तिथंच संपला असं समजा.

धारेवरून दोन्ही अंगाला गावं आहेत, सुरुवातीच्या भागात उजवीकडं जांभूळवाडी-कोळेवाडी, पुढं डावीकडच्या खोऱ्यात आर्वी, कोंढणपूर. उतरायची वेळ आली तर खिंडीतून उतरणारी मळलेली वाट धरा, माथ्यावरून सरळ खाली घुसू नका. आणि उतरायचं तर सगळ्यांनी उतरायचं. दोघं खाली आणि बाकीचे पुढं असं केलं की दोन अर्धवट ग्रुप तयार होतात आणि कुणाचंच कुणाला कळत नाही. चालताच येत नसेल इतकी दुखापत असेल तर ११२ किंवा १०८ ला फोन लावा, लोकेशन सांगताना कोणत्या दोन गावांच्या मधली खिंड आहे ते पण सांगा, आणि त्या माणसाला हलवायची घाई करू नका.

शेवटच्या टेकड्या

दुपारी बारानंतर सूर्य समोर येतो आणि वारा पडला की खरी परीक्षा. ब्रेक कमी वेळाचे पण जास्त वेळा घ्या, पाच मिनिटांच्या वर बसलात की पाय आखडतात. गप्पा चालू ठेवा, कुणी एकदम गप्प झाला असेल तर त्याला पाणी द्या आणि बोलतं करा, गप्प होणं हे थकव्याचं पहिलं लक्षण. कातळाखाली आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता लांबून जायचं, सेंट-बिंट मारून येऊ नका ते याच्यासाठी. आणि सिगारेट धारेवर नको म्हणजे नकोच, एका ठिणगीनं अख्खी टेकडी जळते. सिंहगड परिसरात बिबट्याचा वावर आहे, दिवसा ग्रुपनं बोलत चालणाऱ्यांना त्याचा त्रास सहसा होत नाही, पण अंधार पडायच्या आत रस्त्याला लागायचं हे त्यामुळं पण महत्त्वाचं.

साडेपाचला निघालेला, मध्यम वेगाचा ग्रुप दोन ते तीनच्या दरम्यान सिंहगड घाटाच्या डांबरी रस्त्याला, कोंढणपूर फाट्याच्या बाजूला बाहेर पडतो. शेवटचा उतार सगळ्यात सावकाश करा. रस्ता दिसला, गाड्यांचा आवाज आला की लोक सैल सुटतात आणि घोटा तिथंच मुरगळतो.

गडावर जायचं का

अंगात जोर असेल तर जरूर. रस्त्यानं चालत किंवा वर जाणारी जीप मिळाली तर तीत. देवटाक्याचं गार पाणी, पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही, दिवसभराच्या चिक्की-खजुरानंतर याची चव काय लागते ते तिथंच कळतं. पाय चालत असतील तर तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी जाऊन या, ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र, आणि ते तर आपल्यासारखी पायवाट सोडून कड्यावरून चढले होते. सिंहगडाची उंची सुमारे १३०० मीटर, संध्याकाळी वारा गार असतो, घामेजलेला टीशर्ट बदला.

परतीचं आधी ठरवून ठेवा. गडावरून जीपनं खाली, आणि पायथ्याहून स्वारगेटकडं जाणारी पीएमपीची बस. रविवारी संध्याकाळी घाटात गाड्यांची प्रचंड गर्दी होते, त्यामुळं पाचच्या आत खाली निघा, किंवा ट्रेक शनिवारी करा. घरी गेल्यावर गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसा, मोज्यातली कुसळं एकेक करून काढा आणि मोजे वेगळे धुवा, नाहीतर ती घरातल्या सगळ्या कपड्यांना लागतात. दोन दिवस जिना उतरताना मांड्या दुखतील, तेवढं चालायचंच. गुडघ्याला सूज असेल किंवा तिसऱ्या दिवशीही दुखणं वाढत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवा.